ज्याच्या दारापुढं, त्याचा रस्ता

कर ही गोष्ट माणसानं निव्वळ आळसापोटी शोधून काढली, असं माझं ठाम मत होतं. होतं म्हणतो, कारण हल्ली आमच्या घरात मला मत ठेवायची परवानगी नाही. ती कशी गेली तेच सांगायचं आहे.

त्या दिवशी सकाळी धम्मानंद घरपट्टीचं बिल घेऊन आला. धम्मानंद आमचा शेजारी, भिंतीला भिंत लागून घर, आणि आमच्या गावच्या नगरपंचायतीत वसुलीचा कारकून. शेजारी म्हणून तो चहाला बसला आणि कारकून म्हणून त्यानं बिल पुढं सरकवलं. आता एकाच कपातून या दोघांना चहा पाजायचा म्हणजे यजमानाची पंचाईतच असते.

"धम्मानंद, बाहेर बघ. रस्ता दिसतो का तुला?" मी विचारलं.

त्यानं इमानदारीत बाहेर बघितलं. आमच्या गल्लीच्या एका अंगाला कापसाच्या जिनिंग कारखान्याची लांबलचक भिंत आहे, दुसऱ्या अंगाला घरं, आणि शेवटाला गल्ली बंद. शेवटचं घर माझं. भिंत आणि घरं यांच्यामधे जे काही होतं त्यातले खड्डे इतके जुने झाले होते, की गल्लीतल्या सटवाजीच्या म्हशी आपापल्या ठरलेल्या खड्ड्यात बसायच्या.

"दिसायलाय की काका. खराब हाय जरा."

"मग पट्टी कशाची मागतोस?"

"पट्टी आली की रस्ता होईल. निम्म्या गावानं भरलीच न्हाई, तर रस्ता कुठून करावा?"

मी एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला माणूस. देवगाव फाट्याला जाणारी गाडी कोणत्या फलाटाला लागेल हे माईकवरून सांगण्यात माझी हयात गेली. मी बोललो की शंभर माणसं सामान उचलून पळत सुटायची. आजही गल्लीत मला कंट्रोलर साहेब म्हणतात. अशा माणसाला कालचा पोरगा रस्त्याचं अर्थशास्त्र सांगणार!

"हे बघ," मी माईकवरच्या आवाजात म्हणालो, "कराशिवाय रस्ता होतो. कराशिवाय दिवा लागतो, कचरा उचलला जातो, सगळं होतं. फक्त माणसं शहाणी पाहिजेत."

"मग करून बगा की काका," धम्मानंद म्हणाला आणि बशीतला चहा संपवला.

त्याच्या बोलण्यात टोमणा बिलकुल नव्हता. तेच मला जास्त झोंबलं. मी बिलावर लाल शाईनं 'अमान्य' असं लिहून ते त्याच्या हातात ठेवलं. त्यानं ते नीट घडी करून खिशात घातलं आणि साखर कमी होती असं सांगून गेला.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत थंड झालीही असती. पण मधे होती आमची वैष्णवी. वैष्णवी आमची एकुलती एक लेक. जावई आदिनाथ येलदरीच्या वीजकेंद्रात नोकरीला. पोरीला दिवस गेलेले, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हे ठरलेलंच. पण आमच्या विहीणबाई दगडाबाई त्याच दुपारी रिक्षातून आमच्या गल्लीत शिरल्या आणि दारात उतरल्या त्या कंबर धरूनच.

"पोटुशी पोर या खड्ड्यांतून आणायची व्हय?" त्या पाण्याचा तांब्याही न घेता म्हणाल्या. "बाळंतपण आमच्याकडंच व्हईल. रस्ता झाला तर सांगा. मी सोता बघीन, मगच पोर सोडीन."

दगडाबाई त्यांच्या गावी सरपंच होत्या. ते पद गेलं, पण आवाज त्यांनी परत केला नाही.

आमची मंडळी, म्हणजे सगुणाबाई, आत बसून ऐकत होती. तिनं महिनाभर जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली होती, डिंक-खारीक डब्यात भरून ठेवली होती. ती उठली, दुपटी ट्रंकेत ठेवली आणि ट्रंक लावली. भांडली असती तर मी समर्थ होतो. त्या ट्रंकेच्या आवाजाशी मात्र भांडता येईना. लेक बाळंतपणाला घरी यायलाच पाहिजे, त्यासाठी रस्ता व्हायलाच पाहिजे, आणि तो कराशिवाय करून धम्मानंदाला दाखवायलाच पाहिजे, असे तीन निश्चय मी एकाच रात्रीत केले.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर गल्लीची बैठक घेतली. "नगरपंचायत नको, ठेकेदार नको, वर्गणी नको, हिशेब नको," मी म्हणालो. "ज्याच्या दारापुढचा रस्ता, त्यानं तो करायचा. ज्याला जसा जमेल तसा. सात घरं, सात तुकडे. जोडले की झाला रस्ता!"

सगळे इतक्या चटकन हो म्हणाले की मला स्वतःचा अभिमान वाटला. माणसं एवढ्या लवकर एकमत होतात तेव्हा प्रत्येकानं वेगळंच काहीतरी ऐकलेलं असतं, हे मला नंतर समजलं.

मग सल्ले सुरू झाले. गल्लीच्या तोंडाशी भुजंगरावांचं घर आणि घरातच खता-बियाण्याचं दुकान. ते म्हणाले, "साहेब, उंची घ्या. रस्ता कसा, मान वर करून पाहिजे." त्यांच्या पलीकडचा महारुद्र फरशी-टाइल्स विकतो. तो म्हणाला, "उंची सोडा हो, फिनिशिंग बगा. इज्जत फिनिशिंगमधे असती." सटवाजी म्हणाला, "मुरूम अन् शेण. पायाला लय थंड. म्हशीला बी मानवतं." धम्मानंद म्हणाला की तो नोकरदार माणूस, सार्वजनिक रस्त्यावर खाजगी काम करणं त्याच्या नियमात बसत नाही. पण त्याची बायको सुकेशनी सरकारी दवाखान्यात नर्स आहे, ती म्हणाली, "मी करते. इटाचं करते, अन् उतार देऊन करते." उताराकडं कुणी लक्ष दिलं नाही.

काम धडाक्यात झालं. मी नगरपंचायतीला एक झणझणीत अर्जही पाठवला: 'सदर रस्ता आम्ही नागरिकांनी स्वबळावर केला असून यापुढे त्याच्याशी आपल्या कार्यालयाचा काहीएक संबंध नाही.' 'काहीएक' या शब्दावर मी खूश होतो.

आणि रस्ता? रस्ता झाला. भुजंगरावांनी सिमेंटचा केला आणि गुडघाभर उंच केला. महारुद्रानं दुकानातल्या उरलेल्या न्हाणीघराच्या टाइल्स बसवल्या. त्यावर निळे मासे होते, आणि त्यांच्यावर पाय ठेवला की माणूसही माशासारखाच पुढं सरकायचा. त्याला भुजंगरावांचं पाणी दारात यायला नको होतं म्हणून त्यानं आपला तुकडा त्यांच्याहून वर घेतला. सटवाजीनं महारुद्राच्या वर घेतला. अशी प्रत्येकानं शेजाऱ्यापेक्षा थोडी थोडी उंची घेतली आणि गल्ली वर चढत गेली, सुकेशनीच्या विटांशी जराशी उतरली, आणि शेवटी माझ्या शहाबादी फरशीवर येऊन धाडकन खाली पडली. मी काटकसर केली होती. परिणामी भुजंगरावांनी मजुरांकडून दुकानापुढं पाणी मारून घेतलं की ते जिनिंगच्या भिंतीकडेला उरलेल्या चरातून येऊन माझ्या उंबऱ्याशी मुक्काम करायचं.

"घाट झालाय घाट," सगुणाबाई म्हणाली. "देवाला चढायलाय असं वाटतंय."

तरी मी हार मानली नव्हती. खड्डा एकही नव्हता, हे तर खरं होतं ना? मी येलदरीला फोन केला, रस्ता झाला म्हणून सांगितलं. दगडाबाईंनी महिनाअखेरच्या रविवारी येते म्हणून कळवलं. सगुणाबाईनं ट्रंक उघडली, दुपटी उन्हात टाकली. तिला गुणगुणताना मी फार दिवसांनी ऐकलं.

घोळ वेगळ्याच ठिकाणी झाला. आमच्याकडं बाया सकाळी दारापुढं सडा टाकून रांगोळी काढतात. आजवर ती रस्त्यावरची रांगोळी होती, येणाराजाणारा तुडवून जायचा. आता रस्ताच घरचा झाला! महारुद्राची बायको राजेश्री सकाळी माशांवर रांगोळी काढून दारात उभी राहायला लागली.

"काकू, चपला तेवढ्या हातात घ्या," ती सगुणाबाईला गोड बोलून म्हणाली. "आमच्या घरातनं जायलाव न्हवं तुमी."

सटवाजीनं म्हशी खड्ड्यातून उठवून आपल्या तुकड्याच्या मधोमध बांधल्या. मी बोलायला गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "मुरूम माजा, शेण माजं, म्हैस माजी. तुमचं काय हाय त्याच्यात साहेब?" बैठकीत हेच मी जरा बऱ्या भाषेत सांगितलं होतं. भुजंगरावांनी तर आपल्या सिमेंटवर लोखंडी पाइपचं आडवं फाटक बसवलं आणि त्याला कुलूप लावलं. परक्या गाड्या येऊन सिमेंट खराब करतात, असं त्यांचं म्हणणं.

ज्याचं घर गल्लीच्या तोंडाशी, त्याला कुणाची गरज नव्हती. ज्याचं घर शेवटी, त्याला सगळ्यांची. शेवटचं घर माझं, हे मी आधी सांगितलंच आहे.

मग परवानग्या सुरू झाल्या. पैसे कुणी मागितले नाहीत, माणसं आपलीच! भुजंगराव फक्त एवढंच म्हणाले की दुपारी त्यांना जरा आडवं व्हायचं असतं, तेवढ्या वेळ मी दुकानात बसावं. महारुद्राला दुकानाच्या भोंग्यासाठी माझा आवाज हवा होता. "ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे, न्हाणीघराच्या टाइल्स आता आपल्या गावात," असं मी माझ्या अत्यंत आदरणीय आवाजात रेकॉर्ड करून दिलं, आणि सबंध गाव ते दिवसभर ऐकू लागलं. जुने कंडक्टर रस्त्यात भेटून हसायला लागले. सटवाजीच्या वासराला संध्याकाळी फिरवून आणायचं काम माझ्याकडं आलं. वासरू गुणी होतं, पण त्यानं मला कधी साहेब मानलं नाही. कर कुठंच नव्हता. मीच तेवढा रोज थोडा थोडा वसूल होत होतो.

त्यात घंटागाडी गल्लीच्या तोंडावरूनच परत जाऊ लागली. गॅसवाला सिलिंडर फाटकाशी टाकून हाक मारायचा आणि मी ते घाट चढवत आणायचो. शेवटी नाक मुठीत धरून नगरपंचायतीत गेलो. तिथं प्रियांका मॅडम नावाच्या मुख्याधिकारी आहेत. वयानं लहान, बोलायला अत्यंत नम्र. त्यांनी माझाच अर्ज काढून मलाच वाचून दाखवला.

"काका, काहीएक संबंध नाही असं तुम्हीच लिहिलंय."

"पण मॅडम, ते लोक मला जाऊ देत नाहीत!"

"आम्ही अतिक्रमण म्हणून काढू शकतो ना. तुम्ही लिहून द्या, जेसीबी पाठवते. सगळंच निघेल पण. तुमच्या फरशीसकट."

माझी फरशी म्हणजे अतिक्रमण! मी बाणेदारपणे उठलो आणि विचार करून सांगतो म्हणालो. कोपऱ्यात धम्मानंद बसला होता. त्यानं मान खाली घालून एक जाड रजिस्टर वाचायला घेतलं. तो हसत नव्हता, हे मी त्याच्यासाठी मान्य करतो.

विचार करायला वेळ मिळालाच नाही. रविवारी येणार म्हणालेल्या दगडाबाई गुरुवारीच आल्या. न सांगता तपासणी करायची त्यांची जुनी सवय असावी.

त्या वेळी मी भुजंगरावांच्या गल्ल्यावर बसलो होतो. भुजंगराव पिकअप घेऊन परभणीला गेलेले, फाटकाची किल्ली त्यांच्याच खिशात. समोर गाडी थांबली. आदिनाथ उतरला, दगडाबाई उतरल्या, मग हळूहळू वैष्णवी उतरली. आठवा महिना, चेहरा सुकलेला, पण घर दिसल्याबरोबर हसली. माझ्या हातात त्या वेळी एका गिऱ्हाइकाची सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी होती.

"काय हो इवाई," दगडाबाई म्हणाल्या, "नोकरी लागली व्हय इथं?"

मी पिशवी खाली ठेवली. "जरा शेजारधर्म," असं काहीतरी पुटपुटलो.

"अन् हे कुलूप?"

"किल्ली जरा परभणीला गेलीय."

आदिनाथ पाइपाखालून वाकून पलीकडं गेला. दगडाबाई कुणापुढंही वाकणाऱ्या नव्हत्या, आणि वैष्णवीला वाकता येत नव्हतं. ती दुकानातल्या खुर्चीवर टेकली. "बाबा, हे काय करून ठेवलंय?" एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं.

दगडाबाईंनी फाटकावर हात ठेवून गल्लीकडं बघितलं. "कुनाचा रस्ता म्हनायचा ह्यो?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. सरपंचाचा आवाज ऐकून दारं उघडली. महारुद्र कौतुकानं पुढं झाला. "ह्यो इथवर भुजंगरावांचा, मासेवाला माझा, म्हशीचा सटवाजीचा..."

"आरं, अन् माणसानं जायचं कुनाच्या रस्त्यानं?"

महारुद्र आपल्या माशांकडं बघायला लागला. तेवढ्यात गल्लीच्या शेवटी सगुणाबाई दारात आली. तिनं लेकीला बघितलं आणि ती धावत सुटली. चढण, विटा, म्हशी, सगळं ओलांडून आली आणि माशांवर तिचा पाय सटकला. ती धपकन खाली बसली. फार लागलं नाही, पण ती उठलीच नाही. तिथंच बसून मोठ्यानं रडायला लागली.

"माजी लेक दारापर्यंत आली, अन् मला तिला घरात घेता येईना!"

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला भर रस्त्यात रडताना मी कधी बघितलं नव्हतं. मी कराविरुद्ध जे जे बोललो होतो ते सगळं मला त्या क्षणी फालतू वाटलं.

पहिली हलली ती राजेश्री. घरातून गोणपाटं आणून तिनं आपल्या माशांवर टाकली, रांगोळीवरसुद्धा टाकली, आणि सगुणाबाईला हाताला धरून उठवलं. सटवाजीनं कुणी न सांगता म्हशी सोडल्या. मग पहार आणली आणि आदिनाथनं आणि त्यानं मिळून भुजंगरावांचं फाटक मुळासकट उपटलं. सुकेशनी दवाखान्याच्या कपड्यांतच आली, तिनं वैष्णवीचा एक हात धरला, सगुणाबाईनं दुसरा. प्रत्येक उंचीपाशी कुणीतरी पाट आणून ठेवत होतं. अशी माझी लेक सात मालकांचा रस्ता ओलांडून घरी आली. मी मागून तिच्या चपला हातात घेऊन चालत होतो.

चहा घेऊन दगडाबाईंनी निकाल दिला. "पोर राहील हितं. तिच्या आईचं रडनं मी बघितलंय. पण मी बी राहीन. असल्या रस्त्यानं येजा करायची माजी तयारी न्हाई. रस्ता नीट झाला की पोर अन् लेकरू घेऊनच जाईन."

दुसऱ्या दिवशी त्याच मला नगरपंचायतीत घेऊन गेल्या. मी लिहून दिलं, घरपट्टीही भरली. धम्मानंदानं पावती फाडून देताना फक्त "काका, आता तरी चहात साखर नीट टाकताव ना?" असं विचारलं. जेसीबी आला आणि दुपारपर्यंत सिमेंट, मासे, मुरूम, विटा आणि माझी शहाबादी फरशी एकाच ढिगाऱ्यात गेली. खाली जुने खड्डे जसेच्या तसे होते. म्हशींनी आपापले ओळखले.

पुढं एका दुपारी वैष्णवीच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुकेशनीनं फोन केला आणि सरकारी अॅम्ब्युलन्स आली. ती खड्ड्यांतून हेलकावे खात थेट आमच्या दारापर्यंत आली. कुलूप नाही, चपला काढा नाही, कुणाला विचारणं नाही. त्या खड्ड्यांना हात जोडावेत असं मला वाटलं. सरकारी दवाखान्यात नात झाली. गोरी, जाडजूड, आणि आवाजानं थेट दगडाबाईंवर गेलेली.

बारसं होऊन बरेच दिवस झाले. विहीणबाई आहेतच. माझ्या खुर्चीवर त्या बसतात, पेपर आधी त्या वाचतात, भाजीत मीठ किती हेही त्याच ठरवतात. मी सुटका व्हावी म्हणून गल्लीतल्या प्रत्येकाच्या दारात जाऊन, माईकवरच्या आवाजात, घरपट्टी भरा म्हणून सांगत फिरलो. भुजंगरावांनी भरली, महारुद्रानं भरली, सटवाजीनंसुद्धा भरली. एवढी वसुली त्या गल्लीतून कधी झाली नव्हती म्हणतात. सगुणाबाई मात्र माझ्यावर नाराज. "एवढी काय पळापळ लावलीय?" असं ती हळूच म्हणाली होती, आणि मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

काल संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. नात मांडीवर झोपलेली, माझं एक बोट तिच्या मुठीत. धम्मानंद ऑफिसातून धावतच आला.

"काका, मंजूर झाला! आपला रस्ता मंजूर झाला! सोमवारपासून काम सुरू व्हायलाय!"

आत विहीणबाईंनी बॅग काढल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरातली भांडी एकदम थांबली. मी नातीकडं बघितलं. तिनं झोपेतच बोट आणखी घट्ट धरलं.

"धम्मानंद," मी आवाज अगदी खाली आणून म्हणालो, "एवढी घाई काय आहे रे?"